अडीच पट उत्तराची खरी हकिकत

माझे जुने वर्गमित्र आजही जमले की एक कथा रंगवून सांगतात. बी.एस्सी.च्या अखेरच्या वर्षी फळ्यावर माझे गणित चुकले, गणिताच्या सरांना माझी, मजुराच्या मुलाची, दया आली, त्यांनी चूक दाखवून दिली आणि एम.एस्सी.साठी शिफारसपत्र लिहून दिले. गणित चुकले आणि पत्र मिळाले, एवढेच या कथेत खरे. बाकीचे मी साफ नाकारतो.

सत्तरच्या दशकात वाशीमच्या आमच्या कॉलेजात सरांचा नियम सर्वांना सारखाच होता. ज्याला शिफारस हवी, त्याने हाती कागद न घेता फळ्यापाशी यावे आणि ते देतील ते अवकल समीकरण फूरिये रूपांतराने, म्हणजे दुसऱ्या रूपात नेऊन, तिथे सोपे करून परत आणण्याच्या रीतीने, सोडवावे. पत्राशिवाय पुढची वाट बंद होती. आणि इकडे केनवडला माझे वडील, पोरगा एम.एस्सी. करणार, असे गावभर सांगून मोकळे झाले होते.

अभ्यास मी आणि कारंज्याच्या कापड दुकानदाराचा मुलगा, असा दोघांनी मिळून केला. पुस्तके दोन, दोन्ही फाटकी. माझ्या पुस्तकातली शेवटची पाने गेलेली, त्याच्या पुस्तकातली सुरुवातीची. म्हणून रूपांतर करण्याचे सूत्र आम्ही माझ्या पुस्तकातून घेतले आणि त्यातून परत येण्याचे त्याच्या. "गाडी तुही, बैल माहे, जुतले की झालं!" तो म्हणे.

माझ्या वाट्याला आलेल्या समीकरणाची उजवी बाजू शून्यापाशी उणे एक होती आणि दोन्हीकडे विरत जात होती. रूपांतर केले. समीकरणातला अवघड भाग, दुसरा अवकलज, बघता बघता नाहीसा झाला आणि उरला शाळेतल्यासारखा भागाकार! त्या क्षणाचा आनंद मला आजही शब्दांत मांडता येत नाही. परतीचे सूत्र लावून मी ऐटीत उत्तर लिहिले.

"चूक," सर म्हणाले. "बस खाली."

"सर, रीत बराबर हाय."

"रीत बराबर अन् उत्तर चूक? मंग चूक कुठी हाय, थे दाखव न बाप्पा!"

याला ही मंडळी दया म्हणतात!

मी उत्तर समीकरणात परत घालून पाहिले. शून्यापाशी उणे एक यायला हवे होते. आले उणे अडीच. पहिल्या बाकावरून माझा भागीदार पुटपुटला, "काहून बे, अडीच कायले येऊन राह्यलं?"

अडीच म्हणजे जवळपास दोन पायचे, 2π चे, वर्गमूळ! मग उलगडले. माझे पुस्तक जाताना, म्हणजे रूपांतर करताना, कशानेच भागत नव्हते. दोन पायने करायचा सगळा भागाकार ते परतीवर, गेलेल्या पानांवर, सोडत असणार. त्याचे पुस्तक येताना दोन पायच्या वर्गमुळाने भागे, म्हणजे जातानाही वर्गमुळानेच भागत असणार. आम्ही एकाचे जाणे आणि दुसऱ्याचे येणे घेतले, आणि एक वर्गमूळ दोघांच्या मध्ये गळाले.

मी हे मोठ्याने सांगितले, तसे सर चष्मा काढून हसू लागले. "दोन पुस्तकाईचं लगन लावलं काय रे तुमी!" वर्ग बाके बडवू लागला. मी उत्तराला राहिलेल्या वर्गमुळाने भागले, पुन्हा समीकरणात घातले, आणि उणे एक आले.

सरांनी पत्र तिथेच टेबलावर लिहिले. त्यात एक वाक्य होते: हा विद्यार्थी स्वतःची चूक स्वतः शोधतो. वडिलांनी ते वाक्य माझ्याकडून तीनदा वाचून घेतले. तिसऱ्या वेळी शेजाऱ्यालाही हाक मारून बोलावले.