टाच झिजलेली बरी

"टाच झिजलीय. बरंय," असं म्हणून ते माझी चप्पल पुन्हा दारात सरळ ठेवायचे.

रत्नागिरीत शालेय पुस्तकांच्या एका गोदामात आम्ही दोघं कामाला होतो. मी बिलं करायची, ते तालुक्यांना जाणारे गठ्ठे बांधायचे. अठ्ठ्याण्णव साली मी तिथं लागले, तेव्हा त्यांचं हे सगळ्यांच्या चपला उलट्या करून बघणं पाहून मला राग यायचा. उलटी चप्पल म्हणजे घरात भांडण, हे कोण सांगणार या माणसाला! शेवटी मीच सांगितलं.

"भांडण परवडलं, ताई," ते म्हणाले.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याचा विक्षिप्तपणा आपण चहाबरोबर चघळतो. आम्हीही चघळला. त्यांचे पाय ताठ, चालताना बोटं फरशीला घासायची. सर्र सर्र आवाज आला की गोदामातल्या बायका म्हणायच्या, आली गाडी. मीही म्हणायची. आता त्याची लाज वाटते. तेव्हा वाटली नाही.

मग ते मुंबईच्या डॉक्टरांना दाखवून आले. आल्यावर मला बांधलेल्या गठ्ठ्यांसमोर उभं केलं.

"मेंदूतल्या पेशीला लांब दोरा असतो, ताई, पार कमरेपर्यंत उतरणारा. पेशी माल तयार करते, तो दोऱ्यातून टोकापर्यंत न्यावा लागतो. माझी ही वाहतूकच बिघडलीय. माल इथं पडून, लांबचं टोक उपाशी. पुस्तकं कमी पडली की पार टोकाच्या मंडणगडची पोरं आधी बोंबलतात ना, तसे माझे पाय."

"औषध?"

"नाही. वडील असेच चालायचे. आजी पण. पोरांत हा आजार येतो, नाहीतर येत नाही. अर्धं अर्धं."

एवढं बोलून ते दाराकडे बघत राहिले. त्यांची एकुलती मुलगी शाळेतून थेट गोदामात आली होती. तिच्या चपला तिथं होत्या.

पाय ओढला की चप्पल पुढून झिजते. धडधाकट माणसाची कुठं झिजते हे शिकायला ते आमच्या सगळ्यांच्या बघत होते. खरी बघायची होती ती एकच जोडी.

"बायला सांगू नका हां," ते मुलीकडे बघत म्हणाले.

काही वर्षांनी पाय अगदीच चालेनात, तेव्हा ते काम सोडून नाटे गावी घरी गेले. मुलगी कॉलेजसाठी इथंच वसतिगृहात राहिली. रविवारी जेवायला माझ्याकडे यायची. जाताना ते मला काम लावून गेले. "दर रविवारी बघा, ताई. कार्ड टाका."

मी बघायची. कार्डावर एकच शब्द लिहायची: 'टाच.' उत्तर यायचं नाही.

तिसऱ्या वर्षी एका रविवारी तिच्या उजव्या चपलेचं पुढचं टोक झिजलेलं दिसलं. टाच जवळजवळ कोरी. मी चप्पल हातात घेऊन उभी राहिले. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. आत तव्यावर मासे करपत होते, तेवढं कळत होतं.

मागून ती म्हणाली, "मावशी, मला माहित्येय. बाबा बघायचे तेव्हापासून मीही बघते. त्यांना कळवू नका."

मी गॅस बंद केला. तिला वाढलं. ती गेल्यावर कार्ड लिहिलं: 'टाच. दोन्ही चपला ठीक. काळजी करू नये.'

आठवड्यात उत्तर आलं. पहिलं आणि शेवटचं. गठ्ठ्यांवर तालुक्यांची नावं लिहायचे त्याच मोठ्या अक्षरात: 'ताई, आजवर एकच शब्द लिहायचात. समजलो. मी समजलो, हे बायला सांगू नका.'

पुढच्या वर्षी ते गेले. मी भेटायला गेले, तेव्हा ती पायरीवर बसली होती.

"एक बरं झालं, मावशी," ती म्हणाली. "बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही."

"हो गो बाय," मी म्हटलं.

दारातल्या गर्दीत माझी एक चप्पल उलटी पडली होती. ती सरळ केली, पायात घातली आणि परतीची एसटी गाठली.