शिंक थांबली आणि घोळ झाला

माझ्या मावशीच्या सहाही कोंबड्या पांढऱ्याशुभ्र, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. त्यातली एक शिंकायची, हीच तिची ओळख. जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या चोचीत घालायचं औषध दिलं आणि बजावलं, "बरी दिसली तरी बाटली संपवा, नाहीतर दुखणं उलटेल."

मावशीने खूण म्हणून तिच्या पायात लाल दोरा बांधला. तो बाकीच्यांनी टोचून तोडला. दोन दिवसांत औषधाला गुण आला, शिंका थांबल्या आणि मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. "आता हिला ओळखू कशी रे?"

"हजेरी घे," मी म्हटलं.

"तुझीच घेते! अरे, औषध कडू आहे. जिने चाखलंय ती ड्रॉपर बघून पळेल."

मावशी ड्रॉपर घेऊन खुराड्यात शिरली. चार कोंबड्या दाण्याच्या आशेने पायाशी आल्या आणि दोन पळाल्या.

"अहो, औषध एकीला, मग पळाल्या दोघी कशा?" मावशीने बाहेर पेपर वाचत बसलेल्या काकांना विचारलं.

काकांनी पेपर तोंडापुढे धरला. "काल तू बाहेर होतीस ना, म्हणून मी पाजलं."

"कुठलीला?"

"हाताला लागली तिला."

मावशीने डोकं धरलं. डॉक्टर फोनवर हसले आणि दोघींनाही औषध पुरं करा म्हणाले. मावशीने दोघींना टोपलीखाली झाकलं आणि काकांना राखणीला बसवलं. "आता हलायचं नाही!"

थोड्या वेळाने तिथून शिंक ऐकू आली. मावशी ड्रॉपर घेऊन धावली. काका शपथेवर सांगतात, ती शिंक त्यांचीच होती. मावशीला अजून पटलेलं नाही.