खर्रा म्हणजे तंबाखू नाही

"आ कर."

एकेचाळीस नंबरच्या पोरानं तोंड उघडलं. मी म्हटलं, "पूर्ण उघड."

"पूर्णच आहे, मॅडम."

धडधाकट माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी मावतात. याची जेमतेम दोन गेली. गाल आतून पांढरे, ताठ झालेले. फॉर्म पाहिला. 'तंबाखूचे सेवन: नाही.'

मी अकोल्याची दातांची डॉक्टर. लोकांची तोंडं बघून बघून आता खरंच कंटाळलेय. सैन्यात निवड झालेल्या अमरावती-अकोल्याच्या पोरांचा, ट्रेनिंगला निघण्याआधी, तब्येतीचा आणि सवयींचा सर्व्हे होता. अमरावतीत, एका हॉलमध्ये. फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. कोणाचीही माहिती बाहेर जाणार नाही, हे मीच माइकवर सांगितलं होतं. आधीचे चाळीस फॉर्म चाळले. सगळ्यांचं 'नाही'.

"खोटं काहून लिहिलं रे?"

"खोटं नाही, मॅडम. तंबाखू आमच्या घरात कोणीच खात नाही. मी तं खर्रा खातो."

"अन् खर्‍र्यात काय असते?"

"सुपारी. चुना." मग हळूच, "अन् थोडीशी तंबाखू."

पोरगा तिवसा तालुक्यातला. भरतीचं मेडिकल होऊन बरेच महिने झाले होते. निकालाची वाट पाहता पाहता दिवसाच्या दोन पुड्यांच्या सहा झाल्या.

"नाव तं नाही ना देऊन राहिल्या, मॅडम? गावानं मिरवणूक काढली माही."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. उठून सर्व्हेच्या प्रमुखांकडे गेले. ते पुण्याचे.

"सर, फॉर्ममध्ये खर्रा टाका."

"तो तंबाखूतच येतो, मॅडम."

"हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना नाही."

"छापून झालंय हो."

मग मीच माइक घेतला. "खर्रा कोण कोण खाते?" अर्ध्या हॉलनं खुशाल हात वर केले. सरांनी मुकाट्यानं पेन काढलं.

एकेचाळीसला बाजूला घेतलं. "मी सांगणार नाही. शब्द दिलाय. पण तिथं गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तू स्वतः डॉक्टरला सांगशील. नाही तर मेसची पोळीसुद्धा तोंडात जाणार नाही." माझा फोन नंबर दिला. त्यानं मान हलवली. मला भरवसा नव्हता. घरी आल्यावरही वाटत राहिलं, शब्द पाळला खरा, पण पोराचं नुकसान तर केलं नाही ना?

पुढच्या बॅचच्या फॉर्मवर 'खर्रा' छापून आला. पोरांनी तो नीट वाचला आणि पुन्हा 'नाही' लिहिलं. या वेळी समजून उमजून. तेव्हापासून मी फॉर्म शेवटी बघते, बोटं आधी मोजते.

त्या बॅचच्या तपासणीच्याच दुपारी फोन वाजला.

"मॅडम, एकेचाळीस बोलून राहिलो. सांगितलं डॉक्टरले. घरी नाही धाडलं. इलाज चालू आहे, खर्रा बंद आहे."

"बोटं किती जातात?"

पलीकडून बोबडं, तोंडात बोटं घालूनच,

"अडीच."