हादऱ्यांची वही

आमच्या कडाव गावी देवळात मी कधीमधी मोठ्याने बोलतो, पण कमळाकरदादांच्या माळावर बोलायची माझी हिंमत नाही. माझी दुधाची डेअरी तिथून हाकेच्या अंतरावर आहे आणि गेली बावीस वर्षं मी दुधाचे कॅन अलगद टेकवतो, आपटत नाही. आपटला की दादा वही घेऊन हजर. "प्रवीण, सात धाला काय पडलं रं?" दादांना कानाने धड ऐकू येत नाही. साजगावच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मोठ्या मशीनशेजारी उभं राहून कान गेले. तळपाय मात्र कमालीचे तेज. जमिनीला जे कळतं ते दादांना कळतं.

बावीस वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेची माणसं भूकंप मोजायचं यंत्र बसवायला जागा शोधत आली. त्यांना वर आलेला कातळ हवा होता. दादांच्या माळावर दुसरं होतं काय? भात सोडा, गवतही तिथे रडतखडत उगवायचं. दादांनी कोपरा दिला आणि देखरेखही अंगावर घेतली. एक छोटी खोली, आत कातळावर बांधलेला सिमेंटचा ओटा, त्यावर यंत्र. जाताना साहेब सहज म्हणाले, जवळपास काही आदळआपट झाली तर वेळ लिहून ठेवा. दुसऱ्या कुणी दोन महिने लिहिलं असतं आणि वही रद्दीत घातली असती. दादा उतले नाहीत, मातले नाहीत, घेतला वसा त्यांनी टाकला नाही.

वहीत चार रकाने. वेळ, काय नि कसं हादरलं, कारण आणि शेरा. पहिले तीन दादांचे, शेरा संस्थेचा. 'स. ७.१०. एकदाच. प्रवीणच्या डेअरीत कॅन पडला.' 'दु. ३.२५. थोडा वेळ. गोदाबाईची म्हैस सुटली, मागे गोदाबाई.' प्रत्येक नोंदीसमोर शेऱ्यात एकच शब्द, 'वगळावे'. म्हणजे तेवढा वेळ भूकंपाच्या अभ्यासातून काढून टाकावा. माझ्या आयुष्यातल्या कितीतरी सकाळी अशा सरकारी अक्षरात वगळलेल्या आहेत.

नियम दादांनी आधी स्वतःला लावला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लेझीम म्हणजे दादाच. त्यांचं पाऊल बघायला बाहेरगावची माणसं यायची. यंत्र आलं त्या वर्षी त्यांनी मिरवणूक माळाच्या अलीकडे थांबवली. वाजंत्री बंद, लेझमी काखेत, आणि सगळा जमाव दीडशे पावलं मुकाट चालत गेला. पलीकडे पोचल्यावर पुन्हा वाजायला लागलं, पण दादा मागेच राहिले, यंत्रापाशी. तेव्हापासून आमचे गणपती आणि लग्नाच्या वरातीही तिथे अशाच दबक्या पावलांनी जातात. दादांची लेझीम भिंतीवर टांगली ती टांगलीच.

दादा ड्यूटीला असले की वही छायावहिनी लिहायच्या, आणि नंतर मनाली. ही त्या दोघांची एकुलती एक लेक. सातवीत असताना तिला एकदा कारणाच्या रकान्यात लिहायला काही सापडेना. तेव्हाच्या यंत्रात कागदावर रेघ उमटायची, आणि ती रेघ सारखी बारीक थरथरत होती. गावात कुणी काही आपटलं नव्हतं. तिने मला दोनदा येऊन विचारलं, काका, तुमीच ना? पुढच्या खेपेला साहेब आले तेव्हा त्यांनी सांगितलं, हा समुद्र आहे. लाटांचा भार तळावर पडतो आणि त्याची थरथर जमिनीतून इथवर येते. पोरीने समुद्र पाहिला नव्हता. दोन दिवस ती ओट्यापाशी बसून रेघ बघत राहिली. मग तिने त्या रकान्यात लिहिलं, 'समुद्र'.

तिथून निघालेली मनाली डॉक्टरेट करून त्याच संस्थेत लागली. चार वर्षं झाली, आता शेरा तीच लिहिते. बापाने नोंदवायचं आणि लेकीने वगळायचं, असा त्यांचा पत्रव्यवहार. मला त्या दोघांचा हेवा वाटतो, आणि हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

या फेब्रुवारीत ती बोटीने अरबी समुद्रात पार आत गेली. दादांनी मला डेअरीच्या फळीवर बोटाने रेघ ओढून समजावलं होतं. तिथे तळाला लांबच लांब भेग आहे, त्या भेगेतून नवी जमीन वर येते आणि तिथे सारखे भूकंप होतात. ते मोजायला यंत्रं थेट तळाशी सोडायची. कडावच्या ओट्यावर बसून जो समुद्र ऐकला, त्याच्या तळाशी आता ती कान लावणार होती. पंचेचाळीस दिवसांचं काम. बोटीवरून आठवड्याला एक फोन मिळायचा आणि तो माझ्या डेअरीवर यायचा, कारण दादांना फोनवर ऐकू येत नाही आणि छायावहिनी फोनवर नुसत्या रडतात.

पस्तिसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, फोन आला. नुसती खरखर. माझ्या हाती एवढंच लागलं, "काका, बोट... धक्क... लाग... बाबांना सांगा." आणि तुटला.

भूकंपवाल्या मुलीच्या तोंडून धक्का म्हटल्यावर मला दुसरा कुठला धक्का सुचणार? मी हातातला कॅन टाकला आणि माळावरून धावत सुटलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा. दादांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडलो, "बोटीला धक्का लागला."

दादांनी विचारलं, "किती वाजता?" मी म्हटलं, आत्ताच. त्यांनी सवयीने वही उघडली आणि वेळ घालून नोंद केली. मग चपला काढून खोलीबाहेरच्या कातळावर बसले, दोन्ही तळपाय टेकून.

बोटीचा नंबर लागेना. संस्थेत रविवारी फक्त वॉचमन होता, त्याने उद्या फोन करा म्हणून सांगितलं. वहिनींनी बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि तिथेच बसून राहिल्या. दादांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मोटा आसता तर आतापर्यंत हितं आला आसता," ते म्हणाले. "माज्या पायाला कळला आसता."

मी मान डोलावली. दादांनी तळपाय उचलून पुन्हा कातळावर टेकवले.

"पाय बी म्हातारं झालं रं, प्रवीण."

दुपारी त्यांनी एवढंच म्हटलं, की वही आपणच तिच्या हातात दिली, नाहीतर पोर आज कर्जतला मास्तरीण असती, रोज डोळ्यांपुढे. संध्याकाळी मी दूध घ्यायला बसलो नाही. माणसं किटल्या घेऊन आली, आम्हाला बघून माळाच्या कडेला बसली. त्या दिवशी कुणाला गप्प राहा म्हणून सांगावं लागलं नाही.

साडेपाचच्या सुमारास माझा फोन वाजला. मनालीचा, तिच्या नेहमीच्या नंबरवरून.

"काका, बाबांना सांगितलंत ना? बोटीवरची क्रेन बिघडली, म्हणून दहा दिवस आधीच परतलो. दिवसभर सामान उतरवत होते. सकाळीच म्हटलं ना, बोट धक्क्याला लागली."

बोट धक्क्याला लागली. बोटीला धक्का लागला. आमच्या बाजूला धक्का बसतो, लागतो, मारतात. बोटी ज्याला टेकतात तोही धक्काच, हे मला ठाऊक होतं, पण डोंगराच्या पायथ्याशी ऐन वेळी ते आठवणार कुणाला? मी दादांच्या कानाशी सगळं ओरडून सांगितलं आणि एक पाऊल मागे सरलो. माझ्या मते मला एक सणसणीत बसायला हवी होती.

दादा उठले. त्यांचा एक पाय कातळावर आपटला, मग दुसरा. हातात लेझीम नव्हती, तरी हात डोक्यावर गेले. चार पावलं पुढे, चार मागे, वळण, पुन्हा चार. सहासष्ट वर्षांचे गुडघे आणि यंत्र दोन हातांवर. छायावहिनी दारातून म्हणाल्या, "आवो, यंत्र हाय तितं." दादांना कुठलं ऐकू यायला. किटल्यावाल्यांनी टाळ्यांचा ठेका धरला तेव्हा वहिनीही रडता रडता हसल्या.

मग ते दम खात बसले, मला वेळ विचारली आणि वही उघडली.

चार दिवसांनी मनाली आली. उन्हाने काळवंडली होती. जेवण झाल्यावर तिने वही मांडीवर घेतली. मी तिथेच होतो, अपराधी चेहरा करून. 'स. ११.०५. प्रवीण माळावरून धावला.' पुढे कारणाचा रकाना कोरा. बावीस वर्षांत दादांनी कारण लिहिलं नाही अशी ती एकच नोंद. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगून टाकलं. ती आधी खूप हसली आणि मग हसायची थांबली. त्या नोंदीसमोर तिने 'वगळावे' लिहिलं.

खालची नोंद अशी होती, 'सायं. ५.४४ ते ५.४७. जोरात. कारण, मी नाचलो. मनालीची बोट धक्क्याला लागली.' मग तिने लिहिलं, 'राहू द्यावे.'

दादांनी वही ओढून वाचलं आणि नाराज झाले. "आगं, ह्यो भूकंप नाय. वगळाय पायजे."

मनाली त्यांच्या कानाशी वाकली. "म्हाईत हाय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "म्हणूनच ठेवलाय."

दादांनी तो शेरा पुन्हा एकदा वाचला. मग वही न मिटता ते शाई वाळायची वाट बघत बसले.