नव्या तांदळाचा वास
नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला की मला एकोडी गावातलं सासरचं स्वयंपाकघर आठवतं. माझे यजमान रसायनशास्त्रज्ञ होते. क्लोरीनसारखाच उग्र वास असलेलं ब्रोमीन वापरून त्यांनी सहजी पेट न घेणारी, प्लास्टिकसारखी रेझिनं शोधली, पण त्या वाफांनी त्यांची वास घेण्याची शक्ती कायमची गेली. “मायला सांगू नकोस,” एवढंच ते मला म्हणाले होते. त्या दिवाळीत सासूबाईंनी नव्या तांदळाचा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, चुलीवर ठेवला आणि लेकाला शेजारी बसवलं. “वास सुटला का उतरवजो,” असं सांगून त्या मला घेऊन पाण्याला निघाल्या. मी वळून पाहिलं, तर ते नुसते हसले. परतलो तेव्हा भात खालून करपला होता. “काहून रे बापू? आग न लागणारं बनवणारा तू, अन् माहा भात जाळला!” सासूबाई हसतच ओरडल्या. मग वरचा पांढरा भात मुठीत घेऊन त्यांनी लेकाच्या नाकापाशी धरला. “सांग, कसा वास हाय?” यजमानांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. “तसाच वो माय, लहानपणीचा.” सासूबाई खूश होऊन ताटं घ्यायला वळल्या. ते मात्र डोळे मिटून पुन्हा पुन्हा श्वास घेत राहिले, आणि मी भरलेली कळशी घेऊन दारातच उभी होते. यजमान वारल्यावरही सासूबाई दर दिवाळीला नवा तांदूळ पाठवतात. वास सुटला की मी गॅस बंद करते आणि तिथंच उभी राहते.