आयेशाच्या रक्तात औषध नव्हतं

शौकतभाईंनी माझ्या टेबलावर तीन वस्तू ठेवल्या. हॉस्पिटलचा रिपोर्ट, गोळ्यांची अर्धी स्ट्रिप आणि भिंतीवरून काढून आणलेलं कॅलेंडर. कॅलेंडरच्या प्रत्येक तारखेवर पेनानं दोन बारीक खुणा होत्या, एक सकाळची, एक संध्याकाळची. एकही दिवस मोकळा नव्हता.

"माझी पोरगी गोळ्या खात हुती, मॅडम," ते म्हणाले. "एवढंच लिहून द्या."

मी तेव्हा ड्रग इन्स्पेक्टर होते. मेडिकलची दुकानं तपासायची, संशय आला तर औषधाचा नमुना घेऊन लॅबला पाठवायचा, हे आमचं काम. असलं काही लिहून देणं माझ्या हातात नव्हतं. पण माणूस इंदापूरहून एसटीनं पुण्यात आला होता. मी त्यांना बसवलं आणि चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही.

इंदापुरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. मुलगी आयेशा बारावी सायन्सला, बारामतीच्या कॉलेजात. नऊ वर्षांची असताना तिला फिट यायला लागल्या आणि गोळ्यांनी थांबल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं एकही नाही. मग एके दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना ती खाली पडली. एक फिट ओसरायच्या आत दुसरी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

डॉक्टरांनी तिच्या रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासलं होतं. रोज गोळी घेणाऱ्याच्या रक्तात ते सापडतंच. आयेशाच्या रक्तात काहीच सापडलं नाही. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, पोरीनं गोळ्या सोडल्या होत्या. नातेवाइकांनी खापर आईवर फोडलं. आणि आई तर रोज स्वतःच्या हातानं गोळी भरवून खूण करायची.

मी स्ट्रिप हातात घेतली. छपाई चोख, बॅच नंबर, मुदत, सगळं जागच्या जागी. बॅच म्हणजे एका वेळी बनवलेला माल. त्याचा नंबर मी कंपनीला ईमेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, हा नंबर आमचा नाही.

मी ते उत्तर तीनदा वाचलं. कमी ताकदीची औषधं मी पुष्कळ पकडली होती. पण फिटची गोळी हुबेहूब बनवून कुणी विकेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

फोडलेली स्ट्रिप कोर्टात टिकत नाही. दुकानातला माल पंचांसमोर सील करावा लागतो. आयेशाच्या गोळ्या बारामतीच्या ज्या दुकानातून यायच्या, तिथं मी गेले. फळीवर त्याच बॅचचा एक डबा होता. दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळालं. नेहमीचा माल मिळत नव्हता, एक फिरता विक्रेता देऊन गेला, बिल नाही, असं त्यानं सांगितलं. मग तो खुर्चीत बसला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, माझी आई ह्याच डब्यातल्या घेते."

मी तपासणीचं पुस्तक उघडलं. शेवटचा शेरा पाच आठवड्यांपूर्वीचा. 'रेकॉर्ड समाधानकारक.' खाली सही माझी. त्या दिवशी मी रजिस्टर पाहिलं होतं, फ्रिजचं तापमान पाहिलं होतं. डबा माझ्या पाठीमागं असणार.

डबा सील केला, विक्री बंद केली. लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागणार होता. दुकानाच्या विक्रीच्या बिलांवरून, आयेशाचं सोडून, त्या गोळ्या नेलेली आणखी नऊ घरं निघाली. मी वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "रिपोर्ट आल्याशिवाय जाहीर काही बोलू नका."

"आणि तोवर कुणाला फिट आली तर?"

"नऊ घरांना तोंडी सांगा," ते म्हणाले.

फोन लागले त्यांना मी सांगितलं. चार घरांचे नंबर लागेनात. तिथं स्वतः जायचं ठरलं, तेव्हा शौकतभाई म्हणाले, मी बरोबर येतो. वाटेत मी त्यांना एकच गोष्ट बजावली, कुणालाही 'गोळी बंद करा' म्हणायचं नाही. फिटचं औषध मनानं थांबवणं घातक असतं. स्ट्रिप घेऊन आजच डॉक्टरकडं जा, एवढंच सांगायचं.

बारामतीजवळच्या पिंपळीत एका घरात सुनेला महिन्याभरापासून पुन्हा फिट येत होत्या. सासरे, तात्या, गोठ्यापुढं उभे होते. ही गोळ्या चुकवती, तिला उद्या माहेरी धाडणार हाय, असं त्यांनी आम्हाला तोंडावर सांगितलं. सून दारातच खाली मान घालून उभी होती.

शौकतभाई पुढं झाले. "तात्या, माझ्या पोरीलाबी लोक हेच म्हनलं. बनावट बेअरिंग मी नुसतं हातात धरून वळखतो. पर ही गोळी दोन महिनं माझ्या घरात हुती, मला न्हाय कळलं. तुमच्या सुनंची काय चूक?"

शौकतभाईंनी पिशवीतून काढून दिलेलं खुणांचं कॅलेंडर तात्यांनी पाहिलं. मग आत जाऊन टोपी घातली आणि सुनेला म्हणाले, "चल, दवाखान्यात जाऊ." शेजाऱ्याची गाडी आली तेव्हा सून रडत होती.

पुढं लॅबचा रिपोर्ट आला. गोळीत नुसता स्टार्च आणि खडूची भुकटी. औषध शून्य. त्या रिपोर्टची प्रत घेऊन मी इंदापूरला गेले. आयेशाच्या आईला वाचता येत नव्हतं, म्हणून शौकतभाईंनी तो सगळ्या नातेवाइकांसमोर मोठ्यानं वाचला. ती फक्त म्हणाली, "म्हंजे मी दिलेली गोळी..." आणि थांबली. आम्ही तिला निर्दोष ठरवायला गेलो होतो. तिच्या हातानं काय दिलं जात होतं, हे आम्हीच तिला सांगून आलो.

दुकानाचं लायसन्स गेलं. विक्रेता सापडला, केस चालू आहे. गोळ्या बनवणारे सापडले नाहीत. त्या नऊ घरांतली माणसं जिवंत आहेत, दुकानदाराची आईही.

शौकतभाई अजून शुक्रवारच्या नमाजनंतर आणि आठवडी बाजारात लोकांना सांगतात. औषधाचं बिल घ्या, त्यावरचा बॅच नंबर स्ट्रिपशी ताडून बघा. मी त्यात एक भर घालते. आटोक्यातला आजार अचानक उलटला, तर रोग्याला खोटं ठरवायच्या आधी गोळी तपासा. आणि इन्स्पेक्टर असाल, तर रजिस्टर मिटून आधी फळीकडं वळा.