अध्यक्षबाईंचं मत

ग्लेंडा पेल्टियरनं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकोणीस वर्षं गावसभा. दोन्हीकडे तिची पद्धत एकच. सगळे जागेवर बसेपर्यंत गाडी हलायची नाही.

वेस्ट टॅनरी हे अमेरिकेतल्या मेन राज्यातलं साडेसातशे वस्तीचं गाव. दरवर्षी मार्चमधल्या एका शनिवारी सगळं गाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमतं. बंब बाहेर बर्फात काढतात आणि आत खुर्च्या मांडतात. रस्त्यावर मीठ किती टाकायचं इथपासून शाळेचं छप्पर कधी बदलायचं इथपर्यंत सगळं तिथं पिवळी कार्डं वर करून ठरतं. सभेचा अध्यक्ष त्याच सकाळी निवडतात, पण ग्लेंडाच्या विरोधात उभं राहायची कुणाची छाती नव्हती. अर्धा हॉल तिच्याच बसमधून लहानाचा मोठा झालेला. तिनं हातोडी आपटली की पन्नाशीचे बाप्येसुद्धा तोंडातलं च्युइंगगम गिळून टाकायचे.

सभेत कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही, जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून, हा तिथला जुना नियम. अगदी नवराबायकोचं जुंपलं तरी, "अध्यक्षबाई, आमच्या ह्यांना जरा सांगा," असंच म्हणावं लागायचं. अध्यक्षानं आपलं मत सांगायचं नाही, हा दुसरा नियम. सांगायचंच असेल तर हातोडी दुसऱ्याच्या हाती देऊन खाली उतरायचं. एकोणीस वर्षांत ग्लेंडा एकदाही उतरली नव्हती. बाई कशी निःपक्षपाती, असं लोक कौतुकानं म्हणायचे. निःपक्षपाती कसली! ती त्या खुर्चीत लपून बसली होती, आणि हे तिला चांगलं माहीत होतं.

गोष्ट १९८४ सालची. शेजारचा हॉलिस व्हीलॉक मक्याच्या ओळींमध्ये गांजाची वीस-पंचवीस झाडं लावायचा. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलत नव्हतं. ग्लेंडाचा नवरा लिओन रोज संध्याकाळी हॉलिसच्या गोठ्यात जाऊन बसायचा आणि लाल डोळ्यांनी, फिदीफिदी हसत घरी यायचा. घरात तान्हं पोर, दिवसभर बसमधला गोंधळ, आणि वर हे ध्यान. एक दिवस तिचं डोकं फिरलं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या फोनवरून तिनं नाव न सांगता शेरीफच्या कचेरीत कळवून टाकलं. एखादा पोलीस येईल, हॉलिसला दम देईल, झाडं उपटून नेईल आणि लिओन घरी बसेल, एवढीच तिची समजूत.

आलं ते हेलिकॉप्टर. हॉलिसला दीड वर्षाची शिक्षा झाली. गाई विकल्या गेल्या आणि आईवेगळी, नऊ वर्षांची कॉरीन मावशीकडे गेली. हॉलिस सुटून आला तो मोडूनच आला, आणि पाच वर्षांत गेला.

गावाला चुगलखोर हवा होता. त्याच उन्हाळ्यात मर्ल स्टॅनर्डचं हॉलिसशी कुंपणावरून वाजलं होतं. झालं, तेवढ्यावर शिक्का बसला. मर्लचा मेपलचा पाक गावात कुणी घेईना. चर्चच्या जेवणात त्याच्या बायकोनं, आयडानं, आणलेला केक जसाच्या तसा परत जाऊ लागला. चार वर्षांपूर्वी आयडा गेली तेव्हा दफनाला नऊ माणसं होती. त्यात ग्लेंडा होती. घरी येऊन ती तीन दिवस नीट जेवली नाही. पण तोंड उघडलं नाही ते नाहीच.

यंदा चौदाव्या क्रमांकाला ठराव होता तो गांजाच्या दुकानाचा. राज्यानं मतदान करून गांजा कायदेशीर केला त्याला काही वर्षं झाली होती, पण दुकान येऊ द्यायचं की नाही हे ज्या त्या गावानं ठरवायचं होतं. मागणी केली होती कॉरीननं. बाहेर तीस-पस्तीस वर्षं काढून ती बापाच्या जागेवर परत आली होती.

"अध्यक्षबाई, दुकान झालं की पोरं बिघडणार," पहिलाच वक्ता म्हणाला.

"अध्यक्षबाई, त्यांना सांगा, त्यांची पोरं दुकानासाठी थांबलेली नाहीत," मागून एक बाई म्हणाली, आणि हॉल खदखदून हसला.

एक आजोबा उठले. "अध्यक्षबाई, माझ्या गुडघ्यांना त्या गांजाच्या मलमानंच आराम पडतो. ते आणायला पस्तीस मैल गाडी हाकतो, आणि गाडी हाकून गुडघे दुखतात. याचा काहीतरी निकाल लावा!"

मग कॉरीन उठली. ती फार बोलली नाही. "अध्यक्षबाई, ज्या गोष्टीसाठी माझ्या वडिलांना आत टाकलं, ती आज पावती देऊन विकतात. मला ती याच गावात विकायचीय, उजळ माथ्यानं. एवढंच."

हॉल गप्प झाला. ग्लेंडानं समोरच्या कागदावरून नजर उचलली नाही. तेवढ्यात ऑरिन नावाचा लाकूडतोड्या उभा राहिला. त्याला शांतता कधी सोसलीच नाही.

"अध्यक्षबाई, मागच्या रांगेत मर्ल बसलाय. त्याला विचारा, दुकान उघडल्यावर पुन्हा चुगली करायला जाणार का?"

लोक हसले. कॉरीनसुद्धा वळून मर्लकडे बघायला लागली, पण ती हसत नव्हती. एक्याऐंशी वर्षांचा मर्ल पुढची खुर्ची धरून सावकाश उठला. त्यानं ऑरिनकडे पाहिलंही नाही.

"अध्यक्षबाई," तो म्हणाला, "याचं उत्तर मी तुमच्यावर सोडतो."

ग्लेंडानं मर्लकडे पाहिलं. याला माहीत आहे की काय? आता सांगावं, एका वाक्याचं काम आहे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. आणि तिनं हातोडी आपटली.

"वैयक्तिक शेरे चालणार नाहीत. ऑरिन, खाली बस. मतदान घेऊ."

कार्डं दोनदा मोजली. बासष्ट बाजूनं, बासष्ट विरोधात. अशा वेळी अध्यक्षाचं मत पडतं. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"बाजूनं," ग्लेंडा म्हणाली. या एका शब्दानं हॉलिसचं देणं थोडंफार तरी फिटेल, असं तिला वाटलं होतं. पण जेवणाची सुट्टी होताच कॉरीन धावत आली आणि गळ्यातच पडली. "बाबा असते तर त्यांनी तुम्हाला उचलून घेतलं असतं," ती रडत म्हणाली. ग्लेंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टेबलांवर गुळचट घेवड्याची भांडी आणि तपकिरी पाव आले. मर्ल नेहमीप्रमाणे बाहेर आपल्या ट्रकमध्ये जेवत होता. ग्लेंडानं एक ताट वाढलं आणि कोट न घालताच बर्फातून त्याच्यापाशी गेली. त्यानं काच खाली केली.

"मर्ल, तो फोन मी केला होता."

"माहीत आहे," तो घास चावत म्हणाला. "आयडा तेव्हा शाळेत स्वयंपाकाला होती. कोठीत बटाटे सोलत होती, तिनं ऐकलं."

"मग तुम्ही दोघं गप्प का बसलात? इतकं सगळं सोसलंत..."

"मी निघालोच होतो सांगायला. आयडा म्हणाली, थांब, तिच्या कडेवर पोर आहे, घाबरली असेल बिचारी. ती स्वतःच सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यातही विचारत होती, ग्लेंडा काही बोलली का म्हणून."

ग्लेंडानं ताट काचेतून पुढं केलं. "मला माफ कर, मर्ल."

"मला काय सांगतेस? मला तर माहीतच होतं." त्यानं हनुवटीनं हॉलकडे खूण केली. "आणि ते ताट ने परत. मी घरून डबा आणलाय."

ती आत आली. पुढचा ठराव रस्त्यावरच्या मिठाचा होता. लोक ढेकर देत जागेवर बसत होते. ऑरिन कुणाला तरी सांगत होता, "बघितलंस, मर्ल पळाला!" ग्लेंडानं हातोडी उचलली आणि अग्निशमन दलाच्या प्रमुखाच्या, व्हॅन्सच्या, हातात दिली.

"तू बस खुर्चीत. मला बोलायचंय."

ती खाली उतरली.

"अध्यक्षसाहेब, १९८४ साली शेरीफला फोन मर्ल स्टॅनर्डनं केला नव्हता. मी केला होता. आणि हे मी आजपर्यंत लपवलं."

ऑरिन मान खाली घालून बसला. कॉरीननं पिवळं कार्ड वर केलं. व्हॅन्सनं मान हलवली तशी ती उभी राहिली. ती ग्लेंडाकडे बघत नव्हती.

"अध्यक्षसाहेब, बाईंना विचारा. हेलिकॉप्टर आलं त्या दुपारी मी बसमधून उतरायला घाबरत होते. त्यांनी माझा हात धरून मला दारापर्यंत नेलं. म्हणाल्या, कुणी गं केलं असेल हे? मी त्यांना सांगितलं, मर्लकाकांनी केलं असेल. तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. त्यांना तेव्हा कळत होतं का, की आता हे मर्लकाकांवर जाणार?"

व्हॅन्सनं ग्लेंडाकडे पाहिलं. त्याला प्रश्न पुन्हा विचारावा लागला नाही.

"हो, अध्यक्षसाहेब," ग्लेंडा म्हणाली. "कळत होतं."